पंधरावं पेर

तलासरीच्या एका डॉक्टरने मला फसवलं. गोळ्या खोट्या दिल्या असं मी म्हणत नाही, गोळ्यांनी दुखणं थांबायचं. त्याने मला एक शब्द दिला, त्याचा अर्थ सांगितला, तो कुठून आला तेही सांगितलं, आणि त्या बोलण्यात माझ्या उजव्या हाताची दोन वर्षं गेली. त्याच हाताने पुढे माझी बाजारातली जागा घालवली. कसं झालं ते नीट सांगते, कारण आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो अर्ध्यावरच म्हणतो, "वय झालं तुझं." ते म्हणण्याआधी शेवटपर्यंत ऐका.

माझा धंदा सुक्या मासळीचा. मसोलीत घर आहे, ते सासऱ्याचं नाही आणि नवऱ्याचंही नाही, माझ्या डोक्यावरच्या टोपलीने बांधलेलं आहे. वरोरहून सुके बोंबील आणि जवळा घ्यायचा आणि जीपने तलासरीच्या आठवडी बाजाराला न्यायचा. डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं पावसाआधी चार महिन्यांची सुकी मासळी घरात भरून ठेवतात. त्या दिवसांत जी बाई आपल्या जागेवर बसलेली असते, तिचं वर्ष निघतं. माझी जागा बाजाराच्या तोंडाशी, चिंचेखाली. ती मला कोणी दिली नव्हती. आधी मी गटाराच्या कडेला बसायचे. मग एका कांदेवाल्याशी इतकी भांडले की तो बाजूला सरकला आणि मी चिंचेच्या मुळाला पाठ लावली. तिथून मला पुढे कोणी हलवलं नाही. माणसं पत्ता सांगताना म्हणायची, "चिंचेखालच्या बोंबीलवालीच्या पुढे."

ज्या जुन्या बायकांकडून मी धंदा शिकले, त्या घाऊक भाव तोंडाने करत नसत. घेणारी आणि देणारी समोरासमोर बसायच्या आणि दोघींच्या हातांवर एकीचा पदर यायचा. घेणारीने देणारीचा हात धरून बोटांची पेरं दाबायची. कुठलं पेर दाबलं त्यावर आकडा ठरायचा. भाव पसंत नसेल तर देणारी बोटं ताठ ठेवायची. पसंत असेल तर मूठ मिटायची, आणि मूठ मिटली की संपलं. आकडा मागे घ्यायचा नाही, तोंडाने उच्चारायचाही नाही. शेजारणीला कळू नये म्हणून ही रीत. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. मीही पुढे नवीन बायकांना हेच शिकवलं.

हाताला पेरं चौदा असतात. चार बोटांची तीन-तीन आणि अंगठ्याची दोन. पदराखाली शेकडो हात मी मोजले आहेत आणि माझी मोजणी कधी चुकली नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी वरोरला एका म्हातारीकडे बोंबील घ्यायला गेले. वर्षानुवर्षं मी तिच्याचकडून माल उचलायचे. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, म्हणजे वाऱ्याने पडत नाही. ओले असतात तोवर ते गप्प लोंबतात. सुकले की वाऱ्यावर एकमेकांना घासून बारीक कडकड वाजतात. भर दुपारी किनाऱ्यावर कोणी नसताना तो आवाज ऐकला की वाटतं, दोऱ्यांमागे बसून कोणीतरी बोटं मोडतंय.

"आली का चिंचेखालची राणी?" म्हातारी म्हणाली. "भाव करायला आलीस की हात धरायला?"

"तुझा हात धरून काय करू, आये? बोंबलाचा वास येतो."

"आणि तुझ्याला काय मोगऱ्याचा येतो?"

बसलो. तिने पदर टाकला. मी हात घातला.

ऊन अंग भाजत होतं आणि तिचा हात गार होता. तेवढ्याचं मला काही वाटलं नाही. मीठपाण्यातला हात गार असायचाच. पण गेल्या वर्षीचा तो हात हा नव्हता. बोटांच्या मुळाशी गाठी, बोटं एका बाजूला कललेली, जणू वाऱ्याने झुकलेली सुरूची झाडं. मी सवयीने पेरं मोजत गेले. पंधरा भरली. मला वाटलं चुकले. पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. पंधरा.

मी वर पाहिलं. म्हातारी समुद्राकडे बघत होती.

मग मी पहिला भाव दाबला. पहिला भाव कधीच खरा नसतो, तो नुसता दार वाजवण्यापुरता असतो. त्यावर देणारी शिव्या घालते, बोटं आणखी ताठ करते आणि मग खरं बोलणं सुरू होतं. मी दाबला तो भाव तर कोणी भिकाऱ्यालाही देणार नाही असा होता. आणि माझ्या बोटांभोवती तिचा हात मिटायला लागला. सावकाश, एकेक बोट, जाळ्यातून सुटलेल्या खेकड्याने नांगी आवळावी तसा.

तिचं तोंड मात्र नाही म्हणत होतं. ओठ दाबलेले, मान किंचित हललेली. ते मी पाहिलं, मी आंधळी नाही. तोंड एक सांगत होतं आणि हात दुसरं, आणि रीत अशी की हाताचं ऐकायचं. मी हाताचं ऐकलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "हातानं दिलंय."

पदर बाजूला झाला तेव्हा तिची मूठ मिटलेलीच होती. तिने डाव्या हाताने एकेक बोट धरून ती उघडली. घट्ट बसलेल्या पेटीचं झाकण उचलावं तशी.

"वारं भरलंय ह्यात," ती म्हणाली. "तुझा हात सांभाळ, बाय. हे एका घरात फार दिवस राहत नाही."

मी हसले आणि माल भरायला लागले. निघताना मोजून पाहिला, उजेडात तिचा हात चौदा पेरांचाच होता.

पुढच्या वर्षी म्हातारी गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या सुनेने मला एवढंच सांगितलं, की सासूच्या उजव्या हाताची मूठ काही उघडली नाही, तशीच राहू दिली. सांगताना ती माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती. मला राग आला. मी काही चोरी केली नव्हती. मी तिला तसं म्हणालेही, आणि चहा न घेता निघाले.

२०१६ च्या थंडीत माझा हात सुरू झाला. सकाळी टोपलीची गाठ सुटेना. आधी वाटलं दोरी ओली आहे. मग बांगडी चढेना, मग बोटातली अंगठी निघेना. उठल्यावर तासभर बोटं माझी नसायची. ऊन चढलं की हळूहळू परत यायची, गेली होती कुठे ते मात्र सांगायची नाहीत. मग एके दिवशी बाजार उरकल्यावर मी तलासरीतल्या त्या डॉक्टरकडे गेले.

"काय होतंय, मावशी?"

"सांधे सुजलेत. बोटांचे."

त्याने हात दाबून पाहिला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "आर्थ्रायटिस."

"म्हणजे काय?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. तो माणूस स्वभावाने वाईट नाही, पण त्याला शब्दांची हौस. पेन खाली ठेवून तो खुर्चीत मागे टेकला. "ग्रीक शब्द आहे. आर्थ्रॉन म्हणजे सांधा. आयटिस म्हणजे सूज. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची सूज."

"डॉक्टर, हे तर मीच तुम्हाला आत्ता सांगितलं."

तो हसला. "पण तुम्ही मराठीत सांगितलंत."

"म्हणजे माझाच माल मला परत विकलात. वर पिशवी तुमची."

मागे बसलेली माणसं हसली. त्याला राग आला नाही, उलट रंग चढला. "आपला शब्द बघा किती सुंदर आहे. संधिवात. संधी म्हणजे जिथे दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत ती जागा. संधिप्रकाश म्हणतो ना आपण? दिवस संपत असतो, रात्र लागत असते, त्यांच्या मधला उजेड. तशी हाडाच्या आणि हाडाच्या मधली जागा. आणि वात म्हणजे वाहणारा. वारा. जुन्या वैद्यांचं म्हणणं, शरीरात जे जे हलतं ते वाऱ्याने हलतं. तो वारा सांध्याच्या मधल्या जागेत जाऊन अडकतो. म्हणून संधिवात."

"म्हणजे हात मी हलवत नाही? वारा हलवतो?"

"वैद्यांच्या हिशेबाने, तसंच."

मला वरोरची म्हातारी आठवली आणि तिचं ते, एका घरात फार दिवस राहत नाही. मी विचारलं, "हा एकाचा दुसऱ्याला लागतो का? हातातून हातात?"

"छे. हा साथीचा आजार नाही."

"बोटं वाकतील का?"

आता नीट लक्ष द्या, कारण माझी तक्रार सगळी इथे आहे. मी हे विचारलं तेव्हा त्याने माझ्या हाताकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. "वय झालं की सगळ्यांना थोडंफार होतं, मावशी. दुखलं की या गोळ्या घ्या." ग्रीसला जायला त्याच्याकडे वेळ होता. वैद्यांकडे जायला होता. माझ्या बोटांच्या मुळांपाशी यायला नव्हता.

आणि मी, आयुष्यात कोणाकडून एक जुडी घेतली तरी उलटून पाहणारी, तो शब्द मात्र न उलटता घेऊन घरी आले. शब्दाला नाव-गाव होतं, आजा-पणजा होता. असा खानदानी शब्द कोण खोटा समजेल? दोन वर्षं मी गोळ्या घेत गेले. दुखणं दबायचं, म्हणून मला वाटायचं आजार कळलेला आहे. कोणी विचारलं तर मीच समजावून सांगायचे, आर्थ्रॉन म्हणजे सांधा.

पण ती वाऱ्याची गोष्ट डोक्यातून जाईना. मी जीपमध्ये खिडकीशी बसायचं सोडलं. हात कायम पदरात. आणि पदरात हात असला की दुसरा हात आपोआप पेरं मोजायला लागतो, इतक्या वर्षांची खोड. चारोटीच्या रस्त्याला लागण्याआधी एका दुपारी, जीप भरलेली, बायका बोलतायत, आणि मी डाव्या हाताने उजव्या हाताची पेरं मोजत होते. पंधरा.

हात पदरातून बाहेर काढला. चौदा. पुन्हा आत घातला. पंधरा.

गाठ असेल, हे मलाही कळतं. सुजलेला भाग बोटाला पेरासारखा लागतो. पण मग ती गाठ उजेडात का सापडत नव्हती, ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही. त्यानंतर बोंबील सुकवायच्या जागी गेले की मी लवकर परत फिरायचे. तो कडकड आवाज आता दोऱ्यांवरून यायचा की माझ्या पदरातून, हे मला ओळखता येत नव्हतं.

२०१८ मध्ये भाचीने मला बळेच वलसाडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोलण्याआधी माझा हात दोन्ही हातांत घेतला, बोटं मोजल्यासारखी चाचपली, रक्त तपासलं, फोटो काढले. मग विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं. आर्थ्रायटिस आहे. सांध्याची सूज." मी तयारीनेच सांगितलं.

"ते नाव घराच्या पाटीसारखं आहे," त्या म्हणाल्या. "आत कोण राहतं ते पाटीवरून कळत नाही. आत शेकडो वेगवेगळे आजार राहतात. तुमच्यातला जो आहे तो वयाचा नाही. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांना परकं समजून खातंय. सुरुवातीला आला असतात तर थांबवता आलं असतं. आता पुढचं थांबवू. जे वाकलं ते सरळ होणार नाही."

मी उजवा हात परत पदरात घेतला. मग मी विचारलं, "तो शब्द तरी खरा आहे का? आयटिस म्हणजे सूज?"

त्यांना नवल वाटलं असावं. म्हणाल्या, "आता तसाच वापरतात. मुळात सूजही नव्हती त्यात. मुळात त्याचा अर्थ नुसता 'सांध्याचा' एवढाच. पुढे 'आजार' हा शब्द होता, तो लोकांनी बोलता बोलता गाळला. सूज मागाहून चिकटली."

म्हणजे मला जो शब्द तोलून दिला त्यात अर्धं वजन पाण्याचं होतं. सांध्याचा. कुठला, कसला, काय करणार, काही नाही. सांध्याचा. एवढ्यावर मी दोन वर्षं घालवली.

औषध सुरू झालं. डावा हात वाचला. उजवा आहे तिथे राहिला, बोटं एका बाजूला कललेली. आणि त्याला नवीन खोड लागली. काही धरलं की तो सोडायचा नाही. टोपलीचा काठ धरला की डाव्या हाताने बोटं सोडवावी लागायची. चिंचेखाली बसल्यावर मी तो पदरातच ठेवायचे. गिऱ्हाइकाला तोलून द्यायला डावा पुरतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात वरोरच्या म्हातारीची सून बाजारात माझ्या समोर येऊन बसली. सासूच्या मागे तिने धंदा चांगला वाढवला होता. आता तिला स्वतःच तलासरीला बसायचं होतं.

"काकी, चिंचेखालची जागा सोडता का?"

"माझ्या चितेवर बोंबील सुकव, मग बस इथे."

"नुसतं ऐकून तरी घ्या. मी काय देते ते बघा, मग नाही म्हणा. रीतीने विचारते."

तिथे मी चुकले. मला जागा द्यायची नव्हती, या जन्मात नव्हती. पण समोरची किती देते हे ऐकल्याशिवाय मला राहवत नाही. आयुष्यभर त्यावरच जगले. आणि हात पदरात होताच. तिने माझ्या पदराखाली हात घातला.

तिची बोटं माझ्या करंगळीपासून निघाली. मुळाशी थांबली. पुन्हा करंगळीवर गेली. मला कळलं, ती मोजतेय. तिने वर पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"काकी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या हातात पेरं किती आहेत?"

मी उत्तर देण्याआधी तिने पहिला भाव दाबला. नुसता दार वाजवण्यापुरता. आणि माझा हात मिटायला लागला. मी तो ताठ करत होते. खांद्यापासून जोर लावत होते, घाम फुटला. तो एकेक बोट मिटत गेला, सावकाश, आणि मला तो जोर ओळखीचा वाटला. पाच वर्षांपूर्वी तो माझ्या बोटांभोवती आवळला होता. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. पदराची हालचाल सगळ्यांना कळते.

माझं तोंड नाही म्हणत होतं. ते तिने पाहिलं. मी तिच्या सासूचं पाहिलं होतं तितकंच स्पष्ट पाहिलं. आणि तिने हाताचं ऐकलं.

मी ओरडले असते. कांदेवाल्याला हलवलं होतं ते ओरडूनच. पण ओरडून काय म्हणणार, की मूठ माझी नव्हती? तीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले, हात खोटं बोलत नाही. मी डाव्या हाताने बोटं सोडवली, टोपली उचलली आणि उठले. चिंचेच्या मुळावर माझ्या पाठीचा गुळगुळीत डाग आहे. तिथे आता तिची पाठ टेकलेली असते.

म्हातारीला मी काय उत्तर देणार, ते माझं आणि तिचं आहे. तिच्या बोंबलांवर मी जो भाव लावला तो मी विसरलेले नाही आणि तीही विसरली नसावी. त्यात दुसऱ्याने पडू नये. पण डॉक्टर, तुमचं आणि माझं वेगळं आहे. तिचा हात पाहून कोणी तिला काही सांगितलं नव्हतं. माझा हात पाहायला तुम्ही बसला होतात.

मला जागा राहिलेली नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी मी तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर टोपली मांडते. तुमचा कंपाउंडर दोनदा उठवायला आला आणि दोनदा परत गेला. तुम्ही मागच्या दाराने जा-ये करता, तेही मला माहीत आहे. सांध्याला ग्रीक भाषेत काय म्हणतात ते मला पाठ आहे, ते पुन्हा सांगू नका. बाहेर या आणि पायरीवर माझ्यासमोर बसा. मी विचारलं होतं, बोटं वाकतील का. तेव्हा तुम्ही घड्याळाकडे का पाहिलंत, ते सांगा. मग पदराखाली हात घाला आणि माझी पेरं मोजा. उजेडात चौदाच भरतील, म्हणून उजेडात मोजू नका. जे एक जास्त भरेल ते कोणाचं, आणि त्याला माझ्या हातात दोन वर्षं घर करू दिलं कोणी, याचं उत्तर मला मराठीत पाहिजे. ते मिळेपर्यंत मी इथून उठणार नाही.